एक टन ॲल्युमिनियमचा प्रवास

[दृश्य: लाल मातीची उघडी खाण]

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाचा बोके परिसर. ज्या खनिजापासून ॲल्युमिनियम बनतं ते बॉक्साइट इथे पृष्ठभागालगतच सापडतं. वरची माती काढली, खडक फोडला, की माल थेट बंदरावर. बहुतेक जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून चीनला जातात; महिन्याहून जास्त काळ लागतो. त्या मालातला जवळजवळ निम्मा भाग पुढे टाकूनच द्यायचा असतो. तरी तो वाहून नेणं परवडतं, कारण शुद्धीकरणाला लागणारी वाफ, वीज आणि कॉस्टिक सोडा खाणीपाशी नसतो.

[दृश्य: शुद्धीकरण कारखाना]

दळलेलं बॉक्साइट दाबाखाली गरम कॉस्टिकमध्ये मुरवतात. अल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, विरघळतो, लोह तळाशी उरतं. सिलिका जास्त असेल तर ती कॉस्टिकच गिळते आणि खर्च चढतो. चार-पाच टन बॉक्साइटमधून दोन टन अल्युमिना निघतो, आणि जवळपास तेवढाच किंवा त्याहून जास्त लाल गाळ. तो आयातदार देशातच राहतो. गाळात कॉस्टिक शिल्लक असतं. 4 ऑक्टोबर 2010 ला हंगेरीत आयका इथे अशा तळ्याचा बांध फुटला. दहा माणसं गेली, कित्येकांची कातडी भाजली.

[दृश्य: भट्ट्यांची लांबच लांब रांग]

आता वितळवण. आइसलँडमध्ये बॉक्साइट अजिबात नाही, तरी तिथे ॲल्युमिनियम बनतं. दोन टन अल्युमिनातून एक टन धातू काढायला सुमारे 14,000 युनिट वीज लागते. म्हणून वीज जिथे स्वस्त, तिथे अल्युमिना जातो. भट्टीत अल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइट या क्षारात विरघळवतात, आणि ते द्रावण 960 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. वीज काही तास गेली की ते भट्टीतच गोठतं. मग ते फोडून काढायचं, भट्टी नव्याने बांधायची.

भट्टीत वीज सोडणारा कार्बनचा ठोकळा, म्हणजे ॲनोड, टनामागे साधारण 400 किलो जळतो. त्यातून दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, वीज कितीही स्वच्छ असो. द्रावणात अल्युमिना कमी पडला तर ॲनोडपाशी परफ्लुरोकार्बन वायूही तयार होतात. उष्णता अडवण्यात ते कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट. बाकी सगळा फरक विजेचा: जलविद्युतवर एकूण चारेक टन, कोळशावर पंधराच्या वर.

[दृश्य: बंदर, धातूच्या लाद्या]

खनिज विकून हाती फार थोडं येतं, म्हणून इंडोनेशियाने जून 2023 पासून कच्च्या बॉक्साइटची निर्यात बंद केली. कारखाने देशात आले, तर लाल गाळ आणि वीजनिर्मितीचा धूरही देशातच राहणार. बंदीची बाजू मांडताना हे क्वचितच बोललं जातं.

युरोपीय संघाने 1 जानेवारी 2026 पासून आयातीवर कार्बनची किंमत लावली. मात्र ॲल्युमिनियमच्या बाबतीत कारखान्यातलं थेट उत्सर्जनच धरलं जातं. विजेमागचा कोळसा हिशेबाबाहेर. आमच्या मते ही या नियमाची सर्वांत मोठी फट आहे. 'कमी कार्बन' माल मागणारे ग्राहक जलविद्युतवरच्या लाद्या उचलतात, कोळशावरच्या लाद्या दुसऱ्या बाजारात जातात, आणि दोन्हीकडच्या भट्ट्या पूर्वीइतक्याच चालू राहतात.