शून्य दशांश शून्य पाच

नमस्कार श्रोतेहो. नाशिकला नवे उद्योग यावेत म्हणून आपण रस्ते मागतो, पाणी मागतो, विमानं मागतो. मागावीतच. आज मात्र बोलायचंय ते मोजता येण्याबद्दल, आणि त्यासाठी २०१० सालची द्राक्षं आठवा.

त्या हंगामात आपला माल युरोपात पोहोचला आणि तिथल्या तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराइड निघालं. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची फाजील वाढ रोखायला खरड छाटणीनंतर, म्हणजे हंगाम संपल्यावर होणाऱ्या छाटणीनंतर, ते वापरायचे. घडावर थेंबही मारला नव्हता, मग मण्यात आलं कुठून? ते वेलीत टिकून राहतं आणि पुढे फळात उतरतं. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. पुन्हा ऐका, शून्य दशांश शून्य पाच. कंटेनरमध्ये १३ टन द्राक्षं धरा. १३ हजार किलो गुणिले ०.०५, झाले ६५० मिलिग्रॅम. अख्ख्या कंटेनरला एक ग्रॅमसुद्धा नाही! बरं, इथून निघताना माल तपासला होता, कागद चोख होते. पण तपासायच्या यादीत हे रसायनच नव्हतं. माल अडकला, भाव पडले, बागायतदार कर्जात गेले.

पुढे ते यादीत आलं. निफाड-दिंडोरीचा बागायतदार फवारणीची वही ठेवू लागला, पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग याचा, हिशेब बोलू लागला. पदवी घ्यायला तो कुठे गेला नव्हता. चर्चासत्रात, शेजाऱ्याच्या बांधावर शिकला.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांना हेच हवंय. तिथली मापाची साधनं बघा: व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत दाखवतो, साधा मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. तरी जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेले भाग, रिजेक्ट होतात, कारण मोजण्याआधी रिकामे जबडे मिटून शून्य जुळतंय का ते पाहिलेलं नसतं, किंवा जबडे जोरात दाबलेले असतात. (पावकी-निमकीचे पाढे शाळेतून गेले आणि पोरांचं दशांश चिन्ह घसरायला लागलं, हे माझं जुनं मत. मोबाइलवर हिशेब होतो, पण उत्तर दहापट चुकलंय हे डोक्यालाच कळावं लागतं.)

म्हणून वस्तीतल्या समाजमंदिरात, पहिली पाळी सुटल्यावर वर्ग घ्या. बारा-पंधरा जण पुरेत. एकच जॉब पाच जणांनी मोजायचा, आकडे फळ्यावर लिहायचे, फरक का पडला ते शोधायचं. आधी शून्य, मग माप. पुन्हा सांगतो, आधी शून्य, मग माप. बायकांसाठी वर्ग त्यांच्याच गल्लीत हवा. संध्याकाळी दोन बस बदलून कोणी येत नाही.

आणि कारखानदारांनो, ३० किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्याहून लहान युनिटला सक्ती नाही, पण चार माणसं असली तरी घेता येतात. घेतलेल्या पोराला झाडू नका देऊ, पहिल्याच आठवड्यात मायक्रोमीटर द्या.