तळहातांची जाड कातडी आणि बाळाचे दात

नमस्कार, श्रोतेहो. कुदळ-फावडे चालवणाऱ्या माणसाच्या हाताला घट्टे पडतात, यात नवल नाही. परंतु ज्या मुलाने अजून जड वस्तू उचललेली नाही, त्याचे तळहात आणि तळपाय लाल होऊन त्यांवर जाड, पिवळसर, खरखरीत कातडी चढू लागली, तर तो आनुवंशिक विकार असू शकतो. अशा विकारांचे प्रकार अनेक आहेत. आज मी त्यांतील पापियों-लफेव्र या विकाराविषयी बोलणार आहे, कारण त्यात वेळीच लक्ष दिले तर मुलाचे पुष्कळ नुकसान टळू शकते.

पापियों आणि लफेव्र या फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ मध्ये त्याचे वर्णन केले. दहा लाखांत एक ते चार जणांना तो होतो. कातडीचा त्रास साधारणपणे पहिल्या चार वर्षांत सुरू होतो, कधी कोपर-गुडघ्यांपर्यंत पोहोचतो आणि नागपूरच्या डिसेंबरसारख्या कोरड्या थंडीत वाढून टाचांना रक्त येईपर्यंत भेगा पडतात.

मात्र खरी हानी तोंडात होते. दुधाचे दात वेळेवर येतात, दिसायलाही चांगले असतात. पण ते येताच हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त आणि पू येतो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि चार-पाच वर्षांच्या वयातच बहुतेक दात पडून जातात. एरवी दुधाचे दात सहाव्या वर्षाच्या सुमारास हलू लागतात. ‘लवकर पडले, आता लवकर येतील’ असे म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि मग कायमचे दातही त्याच वाटेने जातात. याचे कारण कॅथेप्सिन-सी या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकातील दोष होय. त्यामुळे पांढऱ्या पेशींचे जंतूंशी लढण्याचे बळ उणे पडते.

हा कुष्ठरोग नव्हे. कुष्ठरोगात चट्ट्याची संवेदना जाते. इथे ती शाबूत असते, म्हणूनच भेगा इतक्या ठणकतात. हा विकार स्पर्शाने पसरत नाही. शाळेत अशा मुलाला वेगळे बसवणे हा निव्वळ अन्याय आहे.

ब्लेडने कातडी कापू नये, वजरीने रक्त येईपर्यंत घासू नये. कोमट पाण्यात पाय भिजवून युरिया किंवा सॅलिसिलिक आम्लाचे मलम लावल्याने कातडी मऊ पडते. त्रास फारच असेल तर तज्ज्ञ पोटातून घ्यायचे औषध देतात. दातांचे उपचार मात्र त्याच वेळी सुरू व्हायला हवेत. आपल्याकडे नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातच शासकीय दंत महाविद्यालय असल्यामुळे त्वचा आणि दात एकाच फेरीत दाखवता येतात.

दोष केवळ आईचा नसतो. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तरच हा विकार होतो. पालक स्वतः निरोगी असतात आणि प्रत्येक अपत्याला धोका चारात एक असतो. आते-मामे भावंडांच्या लग्नांत ही शक्यता वाढते. म्हणून एका मुलाचे निदान झाले, की धाकट्या भावंडाचा पहिला दात येण्याआधीच त्यालाही तपासून घ्यावे.