पलंगापासून संडासापर्यंत

आमच्या चित्रफितीतले पहिले दृश्य, पहाटेचे साडेचार. लातूर जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यातून एक आजी उजव्या हातात काठी घेऊन, डाव्या हाताने भिंत चाचपत निघाल्या आहेत. पलंगापासून संडासाच्या दारापर्यंत ४२ पावले. मध्ये एक उंबरठा, दोन पायऱ्या आणि उघडे अंगण.

लघवीवरचा ताबा सुटणे म्हणजे म्हातारपणच, असे घरोघरी सहज म्हटले जाते. वयाबरोबर मूत्राशयात कमी लघवी मावते आणि कळ एकदम येते, हे खरे. परंतु वृद्धाश्रमांत याची सर्वांत ठळक कारणे दोन आढळतात, चालता न येणे आणि स्मृतिभ्रंश. ज्याला कळ समजते पण पोहोचता येत नाही आणि ज्याला पोहोचता येते पण संडासाचे दार ओळखू येत नाही, अशा दोघांचीही गादी ओलीच होते.

हे दार पाहा. कडी खांद्याच्याही वर, आत बसायचे भारतीय भांडे, आणि उठताना धरायला एक साधी दांडीही नाही. शेजारच्या खोलीतील आजोबांच्या पायजम्याची ही निरगाठ. संधिवाताने वाकलेल्या बोटांना ती सोडवायला लागलेला वेळ आम्ही चित्रफितीतून कापलेला नाही.

गोळ्यांच्या डब्यातही कारणे आहेत. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली आणि तिच्या जोडीला झोपेची गोळी असली, तर रात्री मूत्राशय भरते आणि जाग मात्र येत नाही. मधुमेह, पुरुषांची वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, बायकांची अनेक बाळंतपणे यांचीही भर पडते.

पलंगाखाली तांब्या पालथा आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला पाणी जपायला शिकवावे लागत नाही. पण या आजी चारच्या चहानंतर घोटभरही पाणी घेत नाहीत, ते रात्रीच्या धास्तीने. पाणी कमी पडले की लघवी दाट होऊन मूत्राशयाला टोचते, शौचास खडा होतो आणि साचलेला मळ मूत्राशयावर दाबतो, म्हणजे धास्तीचा उपायच त्रास वाढवतो.

ओल्या कपड्यांनी कातडी सोलवटते, घाईत माणसे पडतात.

दर दोन तासांनी सेविकेने स्वतः विचारून नेले, तर पुष्कळांचे कपडे कोरडे राहतात. रात्रपाळीला इथे ३१ जणांमागे एकच बाई आहे. दात्याने दिलेली कमोडची खुर्ची कोठीत ज्वारीच्या पोत्यांमागे आहे, आणि तिच्यावर रिकामी बारदाने रचलेली आहेत.