सर्दी अंगावर काढणाऱ्यांसाठी

कार्यक्रमपत्रिकेवर विषय बराच लांबलचक छापलाय. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या प्रौढांना श्वसनमार्गाच्या विषाणूंनी काय होतं, असा. तो मी सांगणारच आहे. पण खरं सांगू का, मला आज बोलायचंय ते 'साधी सर्दी' या दोन शब्दांवर. त्यातल्या पहिल्या शब्दावर माझा गेली कित्येक वर्षं राग आहे.

समोर बरेचजण फिजिओ आणि नर्सिंगचे दिसतायत, म्हणून सीएफ, म्हणजे हा सिस्टिक फायब्रोसिस, काय आहे ते थोडक्यातच सांगते. सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड असतो. तो १९८९ साली सापडला. त्या बिघाडामुळे पेशींतून क्षार आणि पाणी नीट ये-जा करत नाही, फुप्फुसातला कफ डिंकासारखा चिकट होतो आणि त्यात जंतू घर करतात. घाम मात्र नेहमीपेक्षा जास्त खारट. कपाळाचा मुका घेतला आणि खारट लागला तर ते मूल फार दिवसांचं सोबती नाही, असं युरोपात जुनी माणसं म्हणायची. पुढे १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये उन्हाळा भयंकर तापला, तेव्हा हीच मुलं उष्म्यानं आजारी पडून दवाखान्यात येऊ लागली. पॉल दि सान्तअग्नेसे या डॉक्टरांनी त्यांचा घाम तपासला, त्यात मीठ फार निघालं, आणि निदानासाठी घामाची तपासणी आली ती तिथून. एक म्हण आणि एक उन्हाळा, त्यातून निदान! या गोष्टीवर मी तासभर बोलू शकते, पण अध्यक्षांनी मान हलवलेली दिसतेय.

आपल्याकडे हा आजार नाहीच असं फार काळ मानलं गेलं. तो आहे. दमा म्हणून, टीबी म्हणून वर्षानुवर्षं उपचार चालतात. पण मोठ्या वयाचे रुग्ण मी पाहिले ते इंग्लंडमध्ये, कारण तिथे आता या रुग्णांत मुलांपेक्षा प्रौढ जास्त आहेत. नोकरी करतात, लग्नं करतात, घराचे हप्ते भरतात.

त्यांतल्याच एकाची गोष्ट. नाव सांगणार नाही, गावही नाही. चाळिशीला आलेला माणूस, एका शाळेची इमारत सांभाळायचा. मी तिथे काम करायचे त्या रुग्णालयात दोन आठवड्यांच्या आयव्हीसाठी, म्हणजे शिरेतून अँटिबायोटिक घ्यायला, दाखल होता. रोज सकाळी नऊला मी त्याच्या खोलीत जायचे. आधी नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे तुषार श्वासातून, मग वीस मिनिटं फुंकणं, हफ करणं म्हणजे तोंड उघडून जोरात श्वास सोडणं, खोकणं. मग थुंकीचं भांडं खिडकीच्या उजेडाकडे धरून रंग बघायचा: हिरवा किती, पिवळा किती, भांडं तिरकं केलं तर सरकतोय की तळाला चिकटूनच बसलाय. ही आमची रोजची पूजाच म्हणा.

एका सकाळी माझं नाक गळत होतं. दोन दिवस गळतच होतं. मी इन्चार्जना फोन केला तर उत्तर आलं, माणसं नाहीत, मास्क लाव आणि ये. मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं! आपण आजारपणाला दाद देत नाही, कामाला आलो, याचा अभिमान. आपल्या घरांत हेच शिकवलेलं असतं ना? सर्दी काय, अंगावर काढायची.

मी दारात पोचले तर तो म्हणाला, "आत येऊ नकोस."

मी म्हटलं, "का रे?"

"बाहेर दोनदा शिंकलीस. मी ऐकलंय."

आणि मी ते वाक्य बोलले. "साधी सर्दी आहे."

त्यानं ड्रॉवरमधून शाळेची रेघांची वही काढली, मधलं पान उघडलं आणि पलंगावरच्या सरकत्या टेबलावर ठेवून ते टेबल पायानं माझ्याकडे ढकललं. पानावर मधोमध पेनानं रेघ मारलेली. डावीकडे तारीख आणि माणूस: 'बहिणीचा धाकटा, शेंबूड'. 'ऑफिसातल्या बाई, घसा'. 'बसमध्ये मागचा'. उजवीकडे तारीख, फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या फुंकण्याच्या टेस्टचा आकडा, आणि मग 'आयव्ही'. डावीकडची तारीख आधी, उजवीकडची आठ-दहा दिवसांनी. पान उलटलं तरी तेच, पुढच्या पानावरही तेच. दरवेळी नव्हे, काही सर्द्या नुसत्या आल्या आणि गेल्या. पण उजवीकडच्या बहुतेक नोंदींच्या शेजारी डावीकडे कोणीतरी होतंच.

तो म्हणाला, "तुझं नाव लिहायला लावू नकोस मला."

मी परत फिरले. रागावले होते, अपमान वाटला होता, बसमध्ये बसल्यावर मात्र वहीतले आकडे डोळ्यांपुढून हलेनात. चार दिवस घरी राहिले. परत गेले तेव्हा रजेबद्दल मला विचारणा झाली, तीही लेखी. मास्क लावून का आली नाहीस, असं.

आता बघा, याच वॉर्डात सीएफच्या दोन रुग्णांना एका खोलीत कधी बसू देत नसत. एकाचे जंतू दुसऱ्याला लागतात हे बर्कहोल्डेरिया नावाच्या जंतूच्या साथींनी १९८० आणि ९० च्या दशकांत शिकवलं होतं. तेव्हा या मुलांची एकत्र शिबिरं बंद झाली. दोन मित्र मी पाहिले आहेत, शेजारच्या खोल्यांत दाखल, फोनवर बोलणारे आणि दाराच्या काचेतून हात हलवणारे. रुग्णांवर एवढी कडक शिस्त! आणि त्याच दारातून शिंकणारे पाहुणे, शिंकणारे डॉक्टर, शिंकणारी मी, सगळे खुशाल आत.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे ज्याच्यासाठी बोलावलंत ते आता भराभर.

मँचेस्टरला १०० प्रौढ रुग्णांवर वर्षभर नजर ठेवली होती. अभ्यास २०१४ साली छापून आला. दर दोन महिन्यांनी आणि त्रास वाढला की तपासणी. दहातल्या साधारण तीन भेटींत विषाणू सापडला, आणि त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त वेळा ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे तुमची-आमची सर्दी. विषाणू असला की फुप्फुसाचा त्रास उफाळण्याची शक्यता दुपटीच्या आसपास.

का होतं असं? विषाणू श्वासनलिकेचं अस्तर दुबळं करतो, कफ वर ढकलणारे केस थकतात. सूडोमोनस नावाचा जंतू तिथे आधीपासून चिकट थर करून बसलेला असतो. ऱ्हायनोव्हायरस त्या थरातून जंतू मोकळे करतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या दुसऱ्या विषाणूनं तो थर आणखी वाढतो, असंही दिसलंय. म्हणून सुरुवात विषाणूची असली तरी अँटिबायोटिक लागतं. विषाणू आहे म्हणून ते थांबवू नका, हे विनवून सांगते. आणि उपचार झाले तरी चारातल्या एकाचा फुंकण्याचा आकडा पूर्वीच्या जागी येत नाही. तेवढं फुप्फुस गेलं ते गेलंच.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये बऱ्याच देशांत या रुग्णांचे उफाळे कमी झाले. त्याच सुमाराला तीन औषधांची एकत्र गोळीही आली होती, त्यामुळे सगळं श्रेय घरी बसण्याला देता येत नाही. त्या गोळीच्या मुख्य चाचणीत उफाळे ६३ टक्क्यांनी घटले होते. पण ती प्रत्येक जनुकदोषाला चालत नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची, रुग्णानं आणि घरच्यांनीही. ऱ्हायनोव्हायरसला लस नाही, त्याचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका; साबण, पाणी आणि चोळून हात. आणि रुग्ण आला की थुंकीचा रंग विचारण्याआधी विचारा: गेल्या पंधरवड्यात घरात कोणाला सर्दी होती?

तो वहीवाला आता ती गोळी घेतो. मागे फोनवर बोललो, तर अजून लिहितो म्हणाला. डावी बाजू भरतेच आहे, शाळेतच काम ना त्याचं. उजवीकडे मात्र गेली दोन पानं कोरी आहेत.

वेळ संपली. प्रश्न असतील तर पुढे या. तिसऱ्या रांगेतल्या ताई मघापासून नाक पुसतायत, तुम्ही चिठ्ठीवर लिहून पाठवा. उत्तर मी इथूनच देते.