पांढऱ्या पंखावर काही लिहिलेलं नसतं

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. माईक पोचतोय ना शेवटपर्यंत? बरं. मगाशी चहा घेताना एका काकूंनी मला विचारलं, अगं आमच्या पुण्याच्या घराच्या फाटकाशी युक्का आहे, तलवारीसारखी पानं, मधूनच कधीतरी पांढऱ्या घंटांचा एवढा मोठा फुलोरा येतो पण फळ काही धरत नाही, खत कमी पडतं का? काकू, खत नाही हो, करवली कमी पडते. का ते सांगते, पण त्याला जरा वेळ लागेल.

आधी हे स्पष्ट करते की हा माझा पेशा नाही. दिवसा मी डेटाबेस सांभाळते आणि रात्री मागच्या अंगणात पांढरी चादर टांगून पतंग बघते, नवऱ्याच्या मते हे वेड आहे आणि तो फारसा चूक नाहीये. पण तुम्ही मंडळींनी सेंट लुइसला राहून युक्काच्या पतंगाबद्दल ऐकलं नसेल तर ते काही बरोबर नाही, कारण ही गोष्ट इथेच सुरू झाली.

इथे जॉर्ज एंगलमन नावाचे डॉक्टर होते, जन्म जर्मनीतला, पोटापाण्याला डॉक्टरकी आणि मनापासून वनस्पतीशास्त्र. 1872 मध्ये त्यांच्या लक्षात आलं की युक्काच्या फुलाची रचनाच अशी आहे की पराग आपोआप कुक्षीवर पडणं अवघड, म्हणजे कोणीतरी ते उचलून नेत असणार. त्यांनी हे चार्ल्स व्हॅलेंटाइन रायलीला सांगितलं. रायली तेव्हा मिझुरी राज्याचा सरकारी कीटकशास्त्रज्ञ, वय तिशीच्या आत. तो रात्री कंदील घेऊन फुलांपाशी बसला आणि त्याला दिसलं ते असं: एक छोटी पांढरी मादी येते, पुंकेसरावर चढते, तोंडाने पराग खरवडून त्याचा गोळा करते, तो हनुवटीखाली धरून दुसऱ्या झाडाच्या फुलावर जाते, अंडाशयाला भोक पाडून अंडं घालते आणि मग वर चढून तो पराग कुक्षीच्या खळग्यात दाबून भरते. मधमाशी काय करते, खायला येते आणि पराग अंगाला चिकटतो म्हणून नेते. इथे तसं नाही, ही स्वतः काही खातच नाही, ती मुद्दाम भरते, कारण बी धरलं तरच तिच्या अळीला जेवायला मिळणार. अळी थोड्या बिया खाते, उरलेल्या झाडाच्या. डार्विनने 1874 मध्ये त्याच्या वनस्पतीशास्त्रज्ञ मित्राला, हुकरला, लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की परागीभवनाचं याहून अद्भुत उदाहरण आजवर छापून आलेलं नाही. आणि डार्विन काही उठसूट कौतुक करणारा माणूस नव्हता.

रायलीने नाव ठेवलं प्रोनुबा युक्कासेला. रोमन लग्नात नवरीसोबत जी बाई असायची ती प्रोनुबा, म्हणजे आपल्याकडची करवलीच म्हणा ना. इतकं गोड नाव, पण टिकलं नाही! प्रोनुबा हे नाव आधीच एका भुंग्याच्या गटाला देऊन झालं होतं, आणि प्राण्यांच्या नावात नियम एकच, आधी आला त्याची जागा. तिकडे जर्मनीत त्सेलर नावाच्या अभ्यासकाने 1873 मध्ये याच पतंगाचं टेगेटिक्युला आल्बा असं वेगळं बारसं केलं. झालं काय, की आडनाव त्सेलरचं राहिलं आणि नाव रायलीचं: टेगेटिक्युला युक्कासेला. आजही हेच.

आता मुद्द्याचं. हा ओळखायचा कसा? पंख मिटून बसला की एखादा सेंटिमीटर, फार तर थोडा जास्त, वरचे पंख पांढरेशुभ्र, त्यावर ठिपका नाही, रेघ नाही, काही नाही. पतंग ओळखायची आपली सगळी सवय पंखाच्या नक्षीवर बेतलेली असते आणि इथे पाटी कोरी. पांढऱ्या फुलात पांढरा पतंग, दिवसा तो आत बसलेला असला तरी तुम्हाला दिसणार नाही.

माझी फजिती सांगते. तीन-चार वर्षांपूर्वी मी युक्काच्या दांड्यावर एक पांढरा पतंग बघितला, झकास फोटो काढला, फोनमधल्या अ‍ॅपला दाखवला, त्याने क्षणात सांगितलं युक्कासेला, मी ते मैत्रिणींना पाठवलं, स्टेटसला ठेवलं, सगळं केलं. दोन दिवसांनी एका जुन्या जाणत्या गृहस्थांचा मेसेज आला, एवढाच, की तोंडाचा फोटो आहे का? नव्हता. पुढच्या रात्री तो पतंग पुन्हा सापडला, म्हणजे तोच की त्याचा भाऊ देव जाणे, छोट्या डबीत घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला म्हणजे सुस्तावतो, आणि भिंगाखाली धरला. तोंडाशी काहीच नाही. हा प्रोडॉक्सस नावाचा दुसराच पतंग होता. जातीचं नाव डेसिपिएन्स, म्हणजे फसवणारा, आणि माझ्या बाबतीत तो नावाला जागला.

ही चूक एकटीचीच नाही बरं का. रायलीच्या काळातही काही अभ्यासकांनी ठणकावून सांगितलं की रायली थापा मारतोय, आम्ही पतंग तपासला, त्याला पराग धरायचा अवयवच नाही. ते त्यांच्या परीने खरंच बोलत होते, फक्त त्यांच्या हातात दुसराच पतंग होता! त्याच झाडावर, तोच रंग, साधारण तोच सीझन. रायलीने मग 1880 मध्ये हे दोघं वेगळे आहेत हे दाखवून दिलं, एक खरा आणि एक बोगस. बोगसवाला पराग नेत नाही, त्याची अळी फुलोऱ्याच्या दांड्यात पोखरत राहते, बियांशी तिला देणंघेणं नाही.

तर पहिली खूण तोंड. खऱ्या मादीला जबड्याशी दोन वळलेले सोंडेसारखे अवयव असतात, मिशा नव्हेत, मिशा वेगळ्या वर असतात, हे खाली तोंडापाशी. त्यावर बारीक केस. त्यांनीच ती पराग गोळा करते आणि त्यांनीच भरते. मी पहिल्यांदा वीसपट भिंगातून बघितलं तेव्हा तिच्या हनुवटीखाली पिवळा गोळा होता, जवळजवळ तिच्या डोक्याएवढा, चिकट, आणि ती त्याला आतून वेटोळं घालून धरून होती, जसं आपण दोन्ही हात भरलेले असताना तिसरी पिशवी हनुवटीखाली दाबतो ना, अगदी तसं. किती वेळ बघत बसले आठवत नाही, डास मात्र भरपूर चावले.

पण थांबा, तोंडाशी काही नाही म्हणजे प्रोडॉक्ससच असंही नाही. खऱ्या जातीच्या नराला ते अवयव नसतातच, त्याला काम काय? म्हणजे मग बघायचं शेपटीकडे. इथे जरा नाजूक विषय आहे, मुलं आहेत का कोणी? असू दे. छोट्या पतंगांची खात्रीची ओळख बहुतेक वेळा जननेंद्रियांवरूनच होते, त्याला इलाज नाही. मेलेल्या पतंगाचं पोट काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात ठेवायचं, गरम केलं तर लवकर होतं, मांस आणि चरबी विरघळते आणि कडक सांगाडा उरतो, तो ब्रशने साफ करून काचपट्टीवर बसवायचा. नराची पकड कशी आहे, तिच्यावर कंगव्याच्या दातांसारखे काटे किती, मादीचा अंडं घालायचा सुळा किती लांब, त्याच्या टोकाला करवतीसारखी धार कशी, हे सगळं मायक्रोस्कोपखाली मोजायचं. हे मी एकदा करून बघितलं आणि पोट उडून गालिच्यात गेलं ते अजून मिळालेलं नाही.

आता गंमत बघा. 1967 मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या डॉन डेव्हिसने या गटाचा मोठा आढावा घेतला आणि टेगेटिक्युलाच्या तीनच जाती ठेवल्या: कॅलिफोर्नियातल्या एका युक्कावरची मॅक्युलाटा, जोशुआ ट्री म्हणतात त्या वाळवंटी युक्कावरची सिंथेटिका, आणि बाकीच्या झाडून सगळ्या युक्कांवर आपली युक्कासेला. फ्लोरिडाच्या वाळूपासून पार कॅनडातल्या अल्बर्टापर्यंत एकच पांढरा पतंग, एवढ्या वेगवेगळ्या झाडांवर. रायलीने 1881 मध्ये इंटरमीडिया नावाची आणखी एक जात सांगितली होती, तीही यातच गुंडाळली गेली.

मग ओले पेलमिर नावाचा संशोधक आला. त्याच्या गटाने झाडावर बसून बघितलं, की कोण कुठल्या युक्कावर, कधी येतो, अंडं कुठे घालतो, अगदी आत बीजांडाशी नेतो की सालीच्या जराच खाली ठेवतो, आणि जोडीला डीएनए. 1999 मध्ये त्याने जो आढावा छापला त्यात त्या एका युक्कासेलातून डझनभर जाती निघाल्या. रायलीची इंटरमीडिया पुन्हा उभी राहिली, आणि ती निघाली चोर! तिला तोंडाचे ते अवयवच नाहीत. दुसऱ्यांनी पराग भरला, फळ धरलं, की ही आयती येते आणि कोवळ्या फळात अंडी घालते. न बोलावता मांडवात येऊन पंगतीत बसणारी जी माणसं असतात ना, त्यातली. अशीच आणखी एक, तिचं नाव पेलमिरने कोरप्ट्रिक्स, म्हणजे बिघडवणारी, ठेवलं, नावातच बोंब आहे. मला विचाराल तर कागदपत्रात इतकी वर्षं करवली आणि भुरटे एकाच रकान्यात होते हीच या सगळ्यातली सगळ्यात मजेची गोष्ट.

त्यानंतर 2003 मध्ये त्याने आणि केरी सेग्रेव्ह्सने जोशुआ ट्रीवरची सिंथेटिकाही फोडली. मोहावीच्या वाळवंटात पश्चिमेकडच्या झाडांवर एक पतंग, पूर्वेकडच्यांवर दुसरा, आकाराने लहान आणि सुळा आखूड. झाडांची फुलंही बघितली तर तीच तऱ्हा, अंडं जिथून खाली न्यायचं ती वाट पश्चिमेला लांब आणि पूर्वेला आखूड, कुलूप तशी किल्ली. नव्या जातीचं नाव ठेवलं अँटिथेटिका. सिंथेटिका आणि अँटिथेटिका! शास्त्रज्ञांना विनोद येत नाही म्हणणाऱ्यांनी हे लिहून घ्या. नेवाडातल्या टिकाबू व्हॅलीत दोन्ही झाडं आणि दोन्ही पतंग शेजारीशेजारी आहेत.

हं, तिकडून हात वर झालाय. हा पतंग पुण्याला नेऊन सोडता येईल का? नाही हो, आणि नेऊही नका. कुठल्याही युक्कावर कुठलाही पतंग चालत नाही हे आत्ताच बघितलं. शिवाय याची अळी फळातून उतरून जमिनीत कोश करते आणि तिथे थांबते, किती थांबेल याचा भरवसा नाही. त्या बोगस प्रोडॉक्ससच्या एका भाऊबंदाच्या अळ्या बर्कली विद्यापीठाच्या जेरी पॉवेलने नेवाडातून आणून ठेवल्या होत्या, त्यातले काही पतंग तीस वर्षांनी बाहेर पडले. तीस! तुम्ही लावाल आणि तुमच्या नातवाला दिसेल.

आणि काकू, आता तुमचं. पुण्यात ही करवलीच नाही, म्हणून फळ धरत नाही. इथल्या युक्काची फळं सुकली की नीट बघा, बऱ्याच फळांना मध्येच कंबर आवळल्यासारखी खाच असते. ती रोगाची नाही, तिथे तिने सुळा घातलेला असतो. फळ उकललं की आत काळ्या चकत्यांच्या सहा चळती, आणि एखाद्या चळतीतून आरपार गेलेला बोगदा.

साडेआठ वाजलेत, अंधार पडेल आता. पार्किंगच्या पलीकडे कुंपणाला तीन दांडे फुललेत, येताना मी बघून आलेय. टॉर्चला लाल जिलेटिन लावलंय, ते काढू नका, पांढरा झोत मारला की उडतात. दोन भिंगं आहेत, आधी मुलांना द्या. फूल तोडायचं नाही, खालून वर बघायचं, आणि पांढरं काही हललं तर पंख सोडा, तोंड बघा.