छताचं वजन कुणावर आहे?

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'आपलं जुनं घर कुठल्या पद्धतीचं हे ओळखायचं कसं'. त्याच्यावर येतोच, पण आधी मनातलं एक बोलू द्या. आपल्याकडं कुठलंही जुनं घर दिसलं की पेशवाई वाडा म्हणायचं, नुसता दगड दिसला की हेमाडपंती. अहो, आपला सगळा मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, गवंडी इथले, माती इथली, पाऊस इथला, मग घर पुण्याचं कसं होईल? अन् हेमाडपंती म्हणजे यादवांच्या काळातलं, चुना न घालता दगडात दगड बसवलेलं काम, औंढ्याला नागनाथाच्या देवळात जाऊन बघा. आजोबांनी शेतातल्या दगडात चिखल भरून उभी केलेली भिंत हेमाडपंती नसते हो! हसा, पण घरी जाऊन वडलांना सांगा.

आता औशाकडच्या एका घराचं सांगतो. तिथल्या काकूंनी मला कागद दाखवला, पाहणीला आलेल्या साहेबांनी लिहिलं होतं, 'कच्चे घर, मातीचे'. साहेब दारातूनच परत गेले, काकू म्हणाल्या, "चहा ठेवला होता, आत बी आले नाहीत." मला याचा फार राग येतो. आत गेलं की ढेलज, म्हणजे दारालगतची छपराखालची बैठकीची जागा, मग अंगण, अंगणाला लागून ओसरी, अन् ओसरीत सागवानी खांब, प्रत्येकाखाली घडीव दगडाचा तळखडा, म्हणजे खांबाच्या बुडाचा दगड. मी भिंत आणि खांबाच्या मधी हात घातला तर मनगटापर्यंत गेला. म्हणजे खांब भिंतीला टेकलेलाच नाही! खांबावर तुळई, म्हणजे आडवं जाड लाकूड, तुळईवर लाकडं, त्यावर किलचा, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, पाला, चिखल अन् वर पांढरी माती, हे सगळं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, त्या खांबांवर, भिंत फक्त आडोशाला. याला कच्चं म्हणायचं? सुतारानं कितीतरी विचार केलाय त्याच्यात.

काकू म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापासून दर साली मिरगाच्या आधी माती टाकतोय." वर जाऊन बघितलं तर पन्हाळीपाशी मातीची जाडी गुडघ्याएवढी. हे मात्र मी काकूंना स्पष्ट सांगितलं, की नवी माती टाकायच्या आधी जुनी खरवडून काढा. कारण 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपण विसरलेलो नाही. किल्लारीच्या भूकंपात जवळपास 10 हजार माणसं गेली, अन् तेव्हापासून दगडमातीच्या घराचं नुसतं नाव घेतलं तरी लोक दचकतात, ते साहजिकच आहे. पण नीट बघा काय झालं ते. भिंत दोन पदरांची, मधे खडीमाती भरलेली, दोन्ही पदर बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, वर वर्षानुवर्षं साठलेल्या मातीचं ओझं. भिंती फुटून पडल्या. ज्या घरांत छत खांबांवर होतं त्यातल्या काही ठिकाणी भिंती गेल्या तरी माळवद खांबांवर उभं राहिलं. म्हणून दर्शनी कमान सोडा, वजन कुणावर आहे ते विचारा.

बरं, चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिलीत, त्यात प्रश्नपण घ्यायचेत, तर मूळ विषय पटापट.

पहिलं, छत. सपाट माळवद म्हणजे कमी पावसाचा मुलूख, उतरतं कौल असेल तर एकतर जास्त पावसाचा किंवा नंतर बदललेलं. दुसरं, खांब, तो वरच सांगितला. घर किती खणांचं तेही मोजा, दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, जुनी माणसं घर खणांवरच सांगायची. तिसरं, साठवण: भिंतीतली बळदं, म्हणजे धान्याची कोठारं, अंगणात पेव, म्हणजे धान्याचा जमिनीतला खड्डा, देवळ्या, कोनाडे. शेतकऱ्याचं घर की सावकाराचं, हे त्यावरूनच बरंचसं कळतं. चौथं, लोखंडी गर्डर आणि वर शहाबादी फरशी असेल तर माळवद काढून नंतर घातलेलं असू शकतं. गर्डरच्या अंगावर शिक्का असतो, चुना खरवडून वाचा. टाटांच्या कारखान्यात पोलाद निघायला लागलं 1912 मधे, म्हणजे टाटाचा शिक्का असेल तर ते छत त्याच्या आधीचं असूच शकत नाही, घराच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो.

आणि कुठल्याही सर्वेवाल्याला ओसरीपर्यंत आणल्याशिवाय सही देऊ नका. ज्यांच्याकडं माळवद अजून शिल्लक आहे त्यांनी मोबाइलमधे खांबाच्या बुडाचा आणि वरच्या जोडाचा फोटो काढून ठेवा, मी खाली थांबतोय, दाखवा मला. विचारा आता.