मोबाईलवर पायथन शिकवताय? आधी कीबोर्ड सरळ करा

नमस्कार. शाळेत कॉम्प्युटर नाही, पण मुलांच्या घरी अँड्रॉइड फोन आहे. त्यावर प्रोग्रॅमिंग शिकवता येतं का? नक्की येतं. गाडी अडते ती पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेपाशी नाही, कीबोर्डपाशी.

प्ले स्टोअरवरून पायड्रॉइड ३ हे फोनवर पायथन चालवणारं ॲप घ्या. एकदा उतरवलं की नेट लागत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज आणि रेंज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे ऑफलाइन चालणारंच साधन हवं. तासाला फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे मध्येच कुणाच्या बाबांना फोन येणार नाही.

आता कीबोर्ड. जीबोर्डच्या, म्हणजे गूगलच्या कीबोर्डच्या, सेटिंगमध्ये ऑटो-कॅपिटलायझेशन, ऑटो-करेक्शन आणि दोन स्पेसला पूर्णविराम देणारी सोय, तिन्ही बंद करा. नाहीतर पडद्यावर उत्तर दाखवणाऱ्या प्रिंट या आज्ञेतला पी आपोआप कॅपिटल होतो आणि नेमएरर येतो, म्हणजे पायथनला ते नाव ओळखता येत नाही. स्पेलिंग तर बरोबर दिसतंय, मग चुकलं कुठे, हे मुलाला कळतच नाही. फोन उभाच धरायला सांगा. आडवा केला की कीबोर्ड अर्धा पडदा खातो आणि कोडच्या दोन-चार ओळीच उरतात. ओटीजी केबलने, म्हणजे फोनला यूएसबीची वस्तू जोडणाऱ्या केबलने, साधा यूएसबी कीबोर्ड जोडलात तर मात्र आडवा चालेल. फोनला ओटीजी चालतं का आणि पिन टाइप-सी की मायक्रो, हे आधी बघा.

पहिला प्रोग्रॅम आंब्याच्या पेटीचा घ्या. फळं २००, पेटी ५ डझनाची, म्हणजे ६० फळांची. दोन तिरक्या रेघांनी भागाकार केला की उत्तर ३ पेट्या. टक्क्याच्या चिन्हाने बाकी काढली की २० फळं सुटी. मुलांना हा हिशोब तोंडपाठ असतो, त्यामुळे उत्तर चुकलं तर ती स्वतःच ओळखतात.

मग २०० हा आकडा इनपुटने, म्हणजे वापरणाऱ्याकडून टाइप करून घेणाऱ्या आज्ञेने, विचारा. लगेच टाइपएरर येईल, येऊ द्या. इनपुट जे देतो तो आकडा नसतो, मजकूर असतो. तिथे दोनने गुणून दाखवा: ४०० न येता २००२०० उमटतं. हे डोळ्यांनी पाहिल्यावर मजकुराचा आकडा करणारा इंट का लावायचा, हे वेगळं समजवावं लागत नाही. आणखी एक गोष्ट: इनपुटमध्ये कुणी देवनागरी २०० टाकलं तरी इंट ते चालवून घेतो, पण कोडमध्येच ६० देवनागरीत लिहिलं की सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमाची चूक. फोनचा कीबोर्ड मराठीवर राहिला की हे हमखास होतं.

शेवटी पेटीतली फळंही इनपुटने विचारा आणि मुलांना मुद्दाम शून्य टाकू द्या. शून्याने भागल्याचा झीरोडिव्हिजनएरर आला की अट घालणारा इफ तिथल्या तिथे शिकवा, पुढच्या तासावर ढकलू नका. इफच्या ओळीच्या शेवटी कोलन, खालची ओळ चार स्पेस आत. कोलन शोधत चिन्हांच्या पानावर जायची गरज नाही. पायड्रॉइडच्या कीबोर्डवरच्या पट्टीत अशी चिन्हं हाताशी असतात.